अपशकुनांच्या मावशी

नाटक मंडळीत प्रत्येकाकडे काही ना काही काम असतं. मावशींकडे अपशकुन होते. कागदावर त्या सामानवाल्या. पण खुर्च्या काय, कोणीही मांडतं. मावशींची कला वेगळी. नायक-नायिका पहिल्यांदा भेटले की विंगेतून दोरी ओढून भिंतीवरचा आरसा आपटायचा. दुसऱ्या अंकात नायिका “आपण सोबतच म्हातारे होऊ” म्हणाली की नेमका दिवा घालवायचा. तिसऱ्यात ताजी फुलं उचलून त्याच फुलदाणीत सुकलेली खोचायची. शेवटी दोघं विष घेत, पण प्रेक्षक आरशापासूनच रुमाल चाचपू लागत. त्या दोघांना ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, हीच त्या रडण्यातली गोडी. चहाडीतही तीच असते, आणि चहाडीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून नुसता पडदा ओढणाऱ्या मलासुद्धा हे चटकन उमगलं.

एकोणीस वर्षं मावशींचा हात कधी चुकला नाही. मग त्यांची सख्खी भाची नायिका झाली, आणि सहा महिन्यांत तिचं नायकाशीच लग्न ठरलं.

त्यानंतरच्या एका दुपारच्या खेळाला आरसा पडेचना.

“मावशी, दोरी!” मी कुजबुजलो.

“गप रे मेल्या. पुढच्या महिन्यात लग्न आहे पोरीचं.”

“अहो, आरसा नाटकातला आहे!”

“काच तर खरी आहे ना?”

दिवा शेवटपर्यंत ठणठणीत तेवला. तिसऱ्या अंकात “ही फुलं का कोमेजली?” असं म्हणायला भाची वळली, तर समोर टवटवीत गुच्छ. “ही फुलं... बरी आहेत,” ती म्हणाली. पुढे दोघांनी विष घेतलं, तर लोक हसले! “उठतील आता,” मागून कोणीतरी ग्वाही दिली. मी पडदा पाडला तरी प्रेक्षक वाट बघत बसून. पहिल्या रांगेतल्या बाई तर तडक मालकांकडे गेल्या. “मारायचंच होतं, तर आधी काही सुचवायचं तरी! मी रुमालसुद्धा काढला नव्हता.”

मालक विंगेत आले. “उद्या आरसा फुटला नाही, तर मावशी, तुम्ही घरी.”

“जाते,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी भरू लागल्या. भाची तोंडावरच्या रंगासकट शेजारी येऊन बसली.

“हे काय गं?”

“तुझ्या संसारावर मी काच फोडणार नाही.”

“मावशी, आज मी मेले आणि लोक हसले. याहून मोठा अपशकुन कुठला? आणि तू गेलीस की दोरी कोणाच्या हातात जाईल, ठाऊक आहे?”

तिने हनुवटीने मला दाखवलं. “हा काही माझं भलं चिंतून ओढणार नाही.” मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं. माझ्या जिभेची ख्याती एवढी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पिशवी लगेच रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी “पोरी, हे तुला नाही हं,” असं पुटपुटत मावशींनी दोरी अशी ओढली की पहिली रांग दचकून उठली. दिवा विझेपर्यंत अर्धं थिएटर मुसमुसत होतं. लग्नही ठरल्या दिवशी पार पडलं.

त्याला अकरा वर्षं झाली. दोघं खेळ असेल त्या दिवशी एकमेकांसाठी मरतात आणि घरी जाऊन कोण नीट मेलं यावर कडाकडा भांडतात. मावशी त्यांच्याकडेच राहतात. शेजारी तक्रार घेऊन आले की म्हणतात, “भांडू देत हो. नाटकातल्या त्या बिचाऱ्यांना तेवढाही वेळ मिळत नाही.”