त्या मोसमात मॅट मी ठोकत होतो

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आमच्या कंपनीच्या क्रिकेट टीमवर लिहून द्या, असं सांगायला मंडळातली एक मुलगी घरी आली होती. "आजोबा, ज्या वर्षी तुम्ही लीग जिंकलात ना, त्या वर्षाचं लिहा. गोड आठवणी." त्या टीममधला बहरीनमध्ये उरलेला मी एकटाच. बाकीचे परत गेले, काही वारले. मीसुद्धा निवृत्त होऊन साताऱ्याला गेलो होतो. बायको गेल्यावर मुलाने पुन्हा इथे आणलं. मुलगा-सून कामाला जातात, नातू शाळेत. हूऱ्यातल्या या फ्लॅटमध्ये सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसतं. लिहायला वेळ भरपूर होता. तरी पंधरा दिवस कागद कोरा राहिला.

आमची टीम पुरती हौशी नव्हती. कंपनीच्या इंग्रज मॅनेजरला क्रिकेटचं वेड होतं. मुंबईकडचा चांगला खेळणारा मुलगा नजरेत आला की त्याचा व्हिसा निघायचा. कागदावर कोणी स्टोअरकीपर, कोणी टाइमकीपर. नोकरी टिकायची ती शुक्रवारच्या खेळावर. आमचा फास्ट बोलर असाच आला होता. वसईचा ख्रिश्चन, ताडासारखा उंच. त्याला सगळे वसईकरच म्हणत. मी ऑफिसात क्लार्क आणि टीमचा सेक्रेटरी. अकरा जणांत माझी कधी वर्णी लागली नाही, पण मॅट ठोकायचं काम माझं होतं.

मैदान हिद्द गावाच्या बाहेर होतं. आता तिथे गोदामं आहेत. गवताचं पातं नाही, नुसती चोपून सपाट केलेली वाळू. तिच्यावर काथ्याची लांबलचक मॅट अंथरायची, दोघा-तिघांनी ओढून ताणायची आणि कडेच्या भोकांतून वीतभर खिळे जमिनीत ठोकायचे. मॅट सैल राहिली तर चेंडू कसाही उसळतो. कोपरा सुटा राहिला तर पळत येणाऱ्या बोलरचा पाय त्यात अडकतो. मला या कामाचा अभिमान होता. वसईकर म्हणायचा, "सेक्रेटरीसाहेब, तुमची मॅट आणि माझी बोलिंग. बाकीचे दहा जण फोटोसाठी."

पहिले पाच सामने आम्ही जिंकलो ते त्याच्या जिवावर. सहाव्या सामन्याच्या सकाळी माझ्या हातून दोन खिळे वाकले. जादा खिळे मी आणले नव्हते. कंपनीच्या स्टोअरपर्यंत पिकअपने जाऊन यायला अर्धा तास तरी लागला असता, आणि सुरुवातीला उशीर झाला की आमच्या ओव्हर कापल्या जात. बोलिंगच्या टोकाचा एक कोपरा मी तसाच पायाने दाबला आणि वर वाळू लोटली.

वसईकर रनअप मोजून आला. "कोपरा बसलाय ना?"

"बसलाय. यल्ला, टाक तू."

तिसऱ्या ओव्हरला तो पडला. डावा पाय मॅटखाली गेला, गुडघा बाजूला फिरला. मी सीमेबाहेर खुर्चीवर बसलो होतो. गुडघ्याचा आवाज मला तिथे ऐकू आला असं मला वाटतं. तो नंतर माझ्या मनाने घातलेला असेल.

मॅनेजरने माझ्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. मैदानाचा दोष निघाला तर कंपनी ती कामावरची दुखापत धरणार होती आणि त्याला ठेवून घेणार होती. त्याची स्वतःची चूक निघाली तर व्हिसा कॅन्सल. मी सलमानिया हॉस्पिटलात त्याला भेटायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये.

"काय लिहिणार?" त्याने विचारलं.

"बघू."

"बघायचं काय त्यात? खिळा नव्हता, एवढंच लिही. तुला काय फाशी देणारेत?" त्या दिवशी त्याने मला साहेब लावलं नाही.

मी होकारार्थी मान हलवली. पण माझ्या बायकोच्या व्हिसाचा कागद त्याच मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यांतला दीड महिना आम्ही एकत्र काढला होता. मी इंग्रजीत टाइप केलं: झिजलेल्या तळाचे बूट घालून आला, दोनदा सांगूनही बदलले नाहीत. मॅट तपासली होती, व्यवस्थित होती. खाली सही केली.

पुढच्या महिन्यात बायको आली. त्याआधीच वसईकर कुबड्यांवर परत गेला होता. लीग आम्ही जिंकलो. ट्रॉफीच्या फोटोत मी मधोमध उभा आहे. तिने तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रिपोर्ट कोणासाठी टाइप केला, हेही सांगावं लागलं असतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये वसईची एक नर्स राहते. तिने गावात विचारून त्याचा नंबर मिळवून दिला. एका सकाळी घर रिकामं झाल्यावर मी फोन लावला.

"सेक्रेटरी?" तो म्हणाला. "अजून आहेस? मला वाटलं, खलास." मग हसला, आणि बराच वेळ खोकला.

मी स्मरणिकेचं सांगितलं. खरं काय झालं ते लिहिणार आहे, म्हटलं.

"मला कशाला सांगतोस? मी होतो तिथे."

"माफी मागायची होती."

"माफीचं मागाहून बघू. तुझ्या त्या रिपोर्टची कॉपी कंपनीने घरी पाठवलेली. माझ्या बापाने ती चर्चमधल्या फादरकडून वाचून घेतली. तेव्हापासून आमच्या घरात ठरून गेलं, याने माजापायी परदेशातली नोकरी घालवली. बायको अजून तेच बोलते. पोरगा नापास झाला तेव्हा ओरडलो त्याला, तर मला म्हणतो, डॅडी, तुम्ही तुमचे बूट सांभाळायचे होते. खिळ्याचं मी शंभर वेळा सांगितलं. कोण ऐकतो? तुझं टाइप केलेलं होतं."

"आता छापून येईल."

"तुझं पुस्तक इथे कोण वाचणार? थांब."

फोन त्याच्या मुलाच्या हातात गेला. "हां अंकल, बोला."

मी म्हणालो, "तुमच्या डॅडींच्या बुटांना काही झालेलं नव्हतं. मॅटचा एक कोपरा मी ठोकला नव्हता. त्यांनी विचारलं तेव्हा ठोकलाय म्हणून सांगितलं. रिपोर्ट खोटा होता, तो मी लिहिला."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

"डॅडी हेच सांगायचे," मुलगा म्हणाला.

"हो."

"आम्ही हसायचो." मग त्याने विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही कुठे होता?"

मी बहरीन म्हटलं, मग सातारा. "मम्मी आत आहे," तो म्हणाला. "तिला देतो. हेच सांगा तिला. असंच."

चपलांचा आवाज आला, मग एका बाईचा, जरा त्रासलेला. "कोण बोलतंय?"

मी माझं नाव सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.