निखळ चांदीचं तबक

आमच्या ह्यांनी चांदीचा अभ्यास सुरू केला तेव्हा मला बरंच वाटलं. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग लागतो. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि आता त्यांच्याशी कोणी बोलत नाही. त्या मानाने चांदी निरुपद्रवी.

हे तळोज्याला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होते. आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हे नोकरीत शिकले आणि घरीही पाळलं. दूध, तूप, माझी माहेरची माणसं, सगळं तपासून झालं. चांदीचं निमित्त मात्र वेगळं होतं. अधिक महिना जवळ आला होता आणि लेकीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. अधिकात जावयाला वाण देतात: तेहतीस अनारसे, आणि ऐपतीप्रमाणे तांब्याचं नाहीतर चांदीचं भांडं.

आमचा जावई बेने इस्रायली आहे. म्हणजे ज्यू, पण मूळचे कोकणातलेच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. त्यांचे बरेच नातेवाईक इस्रायलला गेले, हे पनवेलला राहिले. मुलगा विमा कंपनीत आहे, शांत आहे, भेंडीची भाजी मागून घेतो. मला एवढं पुरे होतं. ह्यांना काय कमी वाटत होतं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. रजिस्टर लग्नाला आले, साक्षीदार म्हणून सही केली, पेन खिशाला लावलं आणि घरी येऊन पेपर वाचला.

तेव्हापासून हे जावयाशी एक शब्द थेट बोलले नव्हते. तो समोर बसलेला असताना मला म्हणायचे, "त्यांना विचार, चहा घेणार का." मी विचारायची. तो म्हणायचा, "चालेल." मग मी ह्यांना सांगायची, चालेल म्हणतात. हे सगळं एकाच सोफ्यावर.

अधिकाच्या आधी लेकीचा फोन आला. "आई, बाबा या वेळीही भिंतीशी बोलणार असतील, तर यापुढे आम्ही येणार नाही. तो काही म्हणत नाही गं. पण परत जाताना गाडीत गप्प असतो." मी तिला म्हटलं, बघते. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. एकुलती एक लेक, तळोज्याला राहते, रिक्षाने जाता येतं. तेवढ्या अंतरावरची मुलगी तुटणार म्हणजे काय? मी हे ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रीजमध्ये बर्फ आहे का?"

बर्फ चांदी तपासायला हवा होता. चांदीवर ठेवलेला बर्फ भराभर वितळतो. कपाटातली माझ्या लग्नातली सगळी चांदी टेबलावर मांडलेली होती. आधी लोहचुंबक झालं, मग बर्फ, मग कुठूनशी पैदा केलेली ॲसिडची बाटली. माझ्या मामाने दिलेल्या वाटीच्या बुडाला ह्यांनी कानशीने ओरखडा काढला, वर थेंब सोडला आणि हिरवा फेस आल्यावर जाहीर केलं, "तुझ्या मामाने तांबं दिलंय." मामाला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच वाटीतून लेकीचं उष्टावण झालं होतं आणि भात तिला पचला होता. मी वाटी धुऊन परत कपाटात ठेवली आणि त्या दिवशी ह्यांना कालची भाजी वाढली.

शिकवण रोज चालू होती. ९९९ म्हणजे निखळ. ९२५ म्हणजे हजार भागांत नऊशे पंचवीस चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालासुद्धा नसते. वस्तूवरचा शिक्का बघावा, टंच, म्हणजे चांदीचा कस, बिलावर लिहून घ्यावा, घडणावळ वेगळी मांडून घ्यावी, कारण मोडताना ती परत मिळत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रोज हाताळायची वस्तू ९२५ची घ्यावी. निखळ चांदी मऊ असते, भार सोसत नाही. हे शेवटचं मी भाकऱ्या थापताना इतक्यांदा ऐकलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी माझ्या नणंदेचा फोन आला. ह्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. ती म्हणाली, "अरे दादा, तसल्या जावयाला कसलं वाण देतोस? त्यांच्यात अधिक तरी असतो का? आणि द्यायचंच तर दे एखादं हलकंसं. त्याला काय कळणार आहे?" ह्यांनी फोन ठेवला आणि पंख्याचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी सराफाने तबकं काढून दाखवली. एकावर लक्ष्मी, एकावर गणपती, एकावर दोन्ही. विहीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, मूर्ती तेवढी नको, बाकी काहीही आनंदाने घेऊ. हे म्हणाले, "साधं तबक करून द्या. कोरं. ९९९."

सराफाने चष्मा वर केला. "साहेब, एवढं मोठं तबक, तेही कोरं, निखळ चांदीत? नक्षी असली की पत्र्याला जरा ताठपणा येतो. ९२५मध्ये घ्या, पिढ्या टिकेल."

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर रोज सांगता," मी मध्ये पडले.

"मला माहीत आहे म्हटलं ना. पण ह्यात काहीही मिसळलेलं नको. उद्या कोणी म्हणायला नको, ह्या जावयाला हलकं दिलं."

दीड वर्षात ह्यांनी त्याला पहिल्यांदा जावई म्हटलं होतं, तेही त्याच्या पाठीमागे आणि सराफासमोर. मला ह्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. मी सराफाकडे पाणी मागितलं.

वाणाच्या दिवशी लेक-जावई अकराला आले. अनारसे मी दोन दिवस तळत होते. चार फसफसून तुपात विरघळले, ते मोजले नाहीत. तबक सुंदर होतं, आरशासारखं. त्यात तेहतीस अनारसे रचले, वर रेशमी रुमाल घातला. जावई पाटावर बसला. विहीणबाईंनी सांगून पाठवलं असावं, डोक्याला टोपी घालून आला होता. मी त्याला कुंकू लावू का विचारलं, तो म्हणाला, "लावा की, आई." मग ह्यांनी तबक खालून दोन्ही तळहातांवर उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. बोलले अर्थातच नाहीत. लेक ह्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही.

त्याने तबकाच्या दोन्ही कडा धरल्या, ह्यांनी हात सोडले आणि तबक मधोमध वाकलं. आवाजसुद्धा झाला नाही. आधी रुमाल घसरला, मग एकेक करून अनारसे त्याच्या मांडीवर, पाटावर आणि सोफ्याखाली गेले. जावई हातात चांदीचं पन्हाळं धरून बसला होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मी दोन दिवस तळला होता.

लेकीचे डोळे भरले. मला वाटलं, संपलं. आता हे उठून आत जाणार, पेपर उघडणार आणि ही दोघं पुन्हा येणार नाहीत.

ह्यांचं तोंड लाल झालं होतं. जावयाकडे बघून, थेट त्याच्याकडे बघून, हे म्हणाले, "निखळ आहे ना. म्हणून वाकलं."

"हो का?" तो म्हणाला.

"ह्यात तांबं लागतं. थोडंसं. त्याशिवाय ताठ राहत नाही. मला माहीत होतं. तरी मी हट्ट केला. तुम्हाला कमी कसाचं द्यायचं नव्हतं मला." एवढं बोलून ह्यांना धाप लागली.

जावयाने वाकलेलं तबक हळूच पाटावर ठेवलं, जमिनीवरचा एक अनारसा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. "मस्त झालाय," तो म्हणाला. "बाबा, पुढच्या अधिकाला ९२५ घेऊ."

पुढचा अधिक तीन वर्षांनी येतो. हे लेकीलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघी ह्यांच्याकडे बघत राहिलो.

हे गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि सोफ्याखालचे अनारसे काढायला लागले. तिथूनच म्हणाले, "तीन वर्षं कशाला थांबायचं? उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला? सराफाकडे जाऊ. तुम्हीच पसंत करा."