सासऱ्यांच्या उपरण्यातली अफू

वकिलीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे पक्षकार म्हणून एकच माणूस आला, आणि तोही बायकोचा बाप. मी तेव्हा देऊळघाटला घरजावई म्हणून राहायचो आणि रोज काळा कोट घालून बुलढाण्याच्या कचेरीत माशा मारायला जायचो. अशा वेळी सासऱ्यांना अबकारीच्या जमादाराने पकडलं. गुन्हा काय, तर अफू बाळगली!

सासरे सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. चहा पिणाऱ्यालाही ते बाटलेला समजत. पण गावातले त्यांच्या बरोबरीचे पाच म्हातारे पक्के अफूबाज होते. वऱ्हाडात तेव्हा सरकारी ठेक्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. माणशी किती, ते ठरलेलं. तेवढी जवळ असली तर तुम्ही सज्जन, चिमूटभर जास्त असली तर गुन्हेगार. हे पाचही जण बाजाराच्या दिवशी सासऱ्यांच्या बैलगाडीतून बुलढाण्याला येत, दुकानातून आपापली कायदेशीर पुडी घेत आणि पायरी उतरली की ती सासऱ्यांकडे देत. सासरे उपरण्यात पाच गाठी मारत. रोज सकाळी ओसरीवर बसून ज्याची त्याला गोळी मोजून देत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. जमादार नवीन होता. पाच निर्दोष पुड्यांचा एक गुन्हा होताना त्याने पाहिला आणि उपरणंच धरलं.

सासूबाईंनी मला ताटावरूनच उठवलं. "इतकं शिकले ते काऊन? काळा कोट मिरवाले? आणा यायले सोडवून!"

जामिनावर सोडवून आणले, पण मला आतून भीती वाटत होती. सासऱ्यांना दमा होता. थंडीचे दिवस. तुरुंगाच्या फरशीवर हा माणूस टिकणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"मामाजी," मी समजावलं, "अफू कोणाची, हे कायदा विचारत नाही. कोणाजवळ सापडली, तेवढंच विचारतो."

"पण मी खात नाही ना, जवाईबापू!"

"खाल्ली असती तर बरं झालं असतं. जवळ उरली तर नसती."

तरी एक आशा होती. पाचही म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगायचं, की पुडी माझी, मी रीतसर घेतली, यांनी फक्त क्षणभर धरली. 'क्षणभर' हा शब्द मी त्यांच्याकडून घोकून घेतला.

नेमकी तारीख बाजाराच्या दिवशी पडली. साक्षीदार आधी ठेक्याच्या दुकानात गेले आणि मग कोर्टात आले. पहिल्या म्हाताऱ्याला शिरस्तेदार म्हणाला, "हात मोकळा करा, शपथ घ्या." म्हाताऱ्याच्या मुठीत पुडी. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यापाशी जाऊन म्हणाला, "धर बे जराशी."

सासऱ्यांनी धरली. आणि सवयीने उपरण्याला गाठ मारली. ते पाहून रांगेतले बाकीचे चौघेही आपापली पुडी घेऊन लगबगीने पुढे झाले.

"हुजूर! पुन्हा!" जमादार ओरडला. मी कपाळाला हात लावला.

न्यायासनावर तहसीलदार होते. ते वैतागून म्हणाले, "अरे, आपापली पुडी आपल्या कमरेला खोचता येत नाही का तुम्हाला?"

"नाही हुजूर," पाचांतले पिंजारी चाचा म्हणाले. "कमरेले राह्यली तं दुपारपर्यंत पोटात जाते. याच्याजवळ राह्यली तं पुढच्या बाजारापर्यंत पुरते. पाय धरले तरी दुसरी गोळी देत नाही हा."

"अन् लबाड हाये साहेब!" दुसऱ्याने तक्रारच मांडली. "पयले गोळी बोराएवढी होती. करत करत हरभऱ्याएवढी करून टाकली यानं!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती, चोरी पकडली गेल्यासारखी. एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

तहसीलदारांनी टाक उचलून निकाल लिहिला. मग म्हणाले, "गुन्हा शाबीत. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. पुन्हा सापडलात तर मात्र खरा तुरुंग."

सासरे कोपऱ्यात बसून कैद भोगता भोगता घोरू लागले.

कोर्ट उठल्यावर बाहेर नवीनच पेच पडला. पुड्या परत मिळालेले पाच म्हातारे सासऱ्यांभोवती उभे, आणि देता मात्र येईना. शेवटी मला कायदा आठवला. माणशी एक पुडी चालते ना? मग प्रत्येकाने एकेक न खाणारा माणूस शोधावा! एकाची सासऱ्यांनी ठेवली. बाकीच्यांना कोणाला सून आठवली, कोणाला बहीण. राहिले पिंजारी चाचा. त्यांच्या घरी कोणीच नव्हतं.

त्यांनी माझ्या काळ्या कोटाच्या खिशात पुडी टाकली. "वकीलसाब, मी मांगतली तरी देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन झाल्यावर त्यांनी आणखी एक मागितली. मी दिली नाही. भर ओसरीत त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी हादरून सासऱ्यांकडे पाहिलं.

ते खोकत हळूच म्हणाले, "बराबर हाये, जवाईबापू. उद्या गोळी जराशी लहान करजा."