नवरात्रात बसलेला घसा

दशमीला देवळात लेकीची गाण्याची पहिली कचेरी, म्हणजे मैफल होती आणि नवरात्राच्या सुरुवातीलाच तिचा घसा बसला. आमच्या तंजावरात कोणाकडे कोलू, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्या बघायला गेलं की त्यांच्यापुढे गायल्याशिवाय कुंकू आणि हरभऱ्याची सुंडल मिळत नाही. सर्दी असूनही ती घरोघर गायली. राजवाड्यामागच्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तोंडातून नुसती हवा यायला लागली.

तरी दुसऱ्या दिवशी ती कुजबुजत सराव करत बसली. मी वर शाबासकी दिली. मग घरातली अँटिबायोटिकची उरलेली पट्टी घेऊनच तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि पट्टी बाजूला सारली. "हा विषाणू आहे, याला ती लागू पडत नाही. स्वरतंतू सुजलेत. कुजबुजणं तर अजिबात नको, त्यानं ते जास्त ताणले जातात."

"दशमीला गाईल?"

"गप्प राहिली तर बहुतेक. त्या दिवशी आवाज ओढावा लागला, तर मात्र गायला बसवायचं नाही. श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच आणा."

मला हुरूपच आला. हातात काम होतं: पाणी, वाफ, मौन. कोलूला मात्र जावंच लागलं.

"लेक गात नाही? मग तू म्हण," शेजारच्या मामी म्हणाल्या.

मी गाणं म्हटलं. लेक तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

"पुरे ग बाई, घे सुंडल!"

दशमीच्या सकाळी तिनं षड्ज लावला. स्वच्छ! वरचा मात्र लागेना. तिचे डोळे भरले. रडायला वेळ कुठे होता? मी साथीच्या मृदंगवाल्यांना फोन लावला.

"श्रुती, आधाराचा सूरच, अर्धा कट्टा खाली घेऊ."

"अहो, मग त्या सुराचा मृदंग दुसरा लागेल. मी बसमध्ये बसलोय."

"मग उतरा!"

ते उतरले. घरी जाऊन दुसरा मृदंग घेऊन घामाघूम होऊन देवळात पोचले, आणि माझ्याकडे बघायचं टाळून मांडी घातली. व्हायोलिनही खालच्या सुरात लागलं.

लेक सुरुवातीला सांभाळून गायली. मग वरच्या षड्जाकडे निघाली, पोचली, आणि उतरायचं नाव घेईना. मृदंगवाले हसले. मी इतक्या जोरात ताल धरला, आणि तोही चुकीचा, की मामींनी माझा हात पकडून ठेवला.