साखरेच्या रोग्याला गूळ

"डायबेटीस आहे," चांद्याच्या डॉक्टरांनी माझ्या वयनीला, थोरल्या भावाच्या बायकोला, सांगितलं.

"म्हंजे मी आतून गोड होऊन राह्यली काय?" वयनीनं विचारलं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, आणि आता हीच वाळत चालली होती.

इन्सुलिन हा आपल्या शरीरातच तयार होणारा रस. रक्तातली साखर तो अंगाला लावतो. वयनीत तो कमी पडत होता, म्हणून रोज सुईनं घ्यायचा. मी सुई उकळायला शिकलो. महिन्याभरात वयनीच्या गालावर मांस आलं, आणि मला शिव्या द्यायचं बळही.

मग नव्या तांदळाचा नैवेद्य आला. सगळे भाऊ जमल्याशिवाय तो दाखवायचा नाही, आणि तोवर घरात कोणी घास घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. नैवेद्य लवकर होईल म्हणून वयनीनं सकाळी सुई घेतली आणि उपाशी बसली. घुग्घुसच्या खाणीतल्या भावाची गाडी चुकली होती. मी त्याला घेऊन दुपारी परतलो, तर अंगणात गर्दी.

वयनी घामानं भिजलेली, हात थरथरत होते. मला म्हणते, "तू कोन?"

"अंगात आलं तिच्या," कोणीतरी म्हणालं. लिंबू उतरवणं चाललं होतं!

दवाखान्यातून निघताना डॉक्टर दारात मला एकट्याला बोलले होते, "सुई घेऊन उपाशी राहिलं तर साखर फार उतरते. मेंदू साखरेवर चालतो. माणूस बरळतो, मरूही शकतो." मी गुळाचं पाणी कालवलं. आमच्याच घरात राहणाऱ्या आत्यानं माझा हात धरला.

"साखरेचा रोग हाय अन् गूळ पाजतं? मारतं काय तिले?"

आत्या रडत होती. मी हात सोडवला, वयनीला घोट घोट पाजलं. ती गिळत होती, तेवढंच नशीब. थोड्या वेळानं डोळे ओळखीचे झाले.

"माह्या तोंडाले हे काय फासलं रे, मुडद्या?"

इतकी गोड शिवी मी ऐकलेली नाही.

डॉक्टरलोकहो, 'साखर बंद' हे तुम्ही घरभर ऐकू जाईल असं सांगता, आणि जीव वाचवणारी गोष्ट दारात, घाईत, एकट्याच्या कानात! आत्याला ती कोण सांगणार? ज्यांच्या घरी सुई आहे त्यांनी चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगा: सुई घेतली की जेवण, आणि माणूस बरळला की, गिळत असेल तोवर, आधी गोड.

पुढच्या वर्षी नव्या तांदळाच्या दिवशी वयनीनं सुई घेतली, आणि भाऊ अजून यायचेच होते. आत्यानं वयनीपुढं ताट ठेवलं. वयनी देव्हाऱ्याकडं पाहत राहिली.

"खाय तू," आत्या म्हणाली. "देवासंगं मी बोलतो."