आपणहून फिरलेली चकती

काशिरामचा हात खरखरीत होता, पण त्या हाताखालून गेलेलं लाकूड मऊ होऊन निघायचं. पनवेलच्या कोळीवाड्यात होड्या बांधणाऱ्या घरातला तो. फळी घासून झाली की त्याचा बाप डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवायचा, आणि हात कुठे अडला तर पुन्हा घासायला बसायचा. पुढे खाडी गाळाने भरत गेली, होड्या उणावल्या, आणि काशिराम घराच्या पडवीत पाट, चौरंग, पांगुळगाडे करू लागला. चैन नव्हती, पण डोक्यावर साहेबही नव्हता.

त्र्याण्णव सालच्या श्रावणात खांदा कॉलनीतल्या बालवाडीच्या अरुंधतीबाईंनी त्याला कधी नव्हे एवढं मोठं काम सांगितलं. लाकडी ठोकळे. चौकोनी, त्रिकोणी, कमानीचे. मुलांनी रचायचे, पाडायचे आणि मुलंच ती, तोंडातही घालायचे. नमुन्याचे ठोकळे मात्र बाईंनी परत आणून दिले.

"काशिराम, कोपऱ्यांना कूस राहिलीय. एका मुलाच्या बोटात गेली. दिवाळीची सुट्टी संपली की मला ठोकळे हवेत, आणि असे नकोत. नाहीतर मी प्लॅस्टिकचे मागवीन. राग मानू नका."

राग कसला मानायचा? कूस होतीच. पॉलिशपेपर घासून घासून काशिरामचा उजवा खांदा धरला होता. चार ठोकळे झाले की हात वर जाईना.

हे त्याच्या बायकोच्या, शांतीच्या भावाला, भरतला कळलं. तो जासईच्या कंटेनर डेपोत मुकादम होता. रविवारी आला तो बसायच्या आधीच बोलला.

"दाजी, वॉचमनची जागा धरून ठेवलीय तुमच्यासाठी. पन तुळशीच्या लग्नापर्यंत. मंग साहेब दुसऱ्याला देईल."

"खुर्ची हाय ना बसायला?" काशिरामने विचारलं.

"हाय की. शिट्टीपन देतात."

"मंग तुझ्या बहिणीला ने. तिला शिट्टीची गरज नाय पडायची."

शांती आतून म्हणाली, "ऐकू येतंय हां मला." तिघेही हसले. पण भरत गेल्यावर काशिराम बराच वेळ आपल्या खांद्याला चोळत बसला. ठोकळे झाले नाहीत, तर हत्यारं गुंडाळून माळ्यावर जाणार आणि तो दुसऱ्याच्या फाटकावर बसणार, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून तो उरण नाक्यापलीकडे दयारामशेटच्या दुकानात गेला. शेट बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं घेऊन विकायचा. घासायची मशीन म्हटल्यावर त्याने दोन समोर ठेवल्या. दोन्हींना ताटाएवढी गोल चकती, तिच्यावर पॉलिशपेपर चिकटवलेला, पुढे लाकूड टेकवायला लोखंडी टेबल. मोटर फिरली की पट्ट्याने चकती फिरायची.

काशिरामने घाई केली नाही. दोन्ही मशीन सुरू करायला लावल्या, टेबलावर खडू टेकवून चकतीच्या अगदी जवळ नेला. चकती डुलत असती तर खडूला मधूनमधून चाटली असती. दोन्ही सरळ फिरत होत्या. मग मशीन बंद करून त्याने डोळे मिटले आणि टेबलावरून हात फिरवला. टेबलंही सपाट.

"मंग हिची किंमत दीडपट का, शेट?"

"हिला स्टार्टर आहे. हिरवं बटण, लाल बटण. लाईट गेली आणि परत आली, तर ही आपणहून चालू होत नाही. हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. त्या दुसरीला भिंतीवरचा साधा खटका लागेल."

काशिरामला हसू आलं. "माझा रंधा कधी आपणहून चालला नाय, शेट. हातात घेतल्याबिगर हत्यार हलत नाय."

"ते रंध्याचं," शेट म्हणाला. पण गिऱ्हाइकाची ऐपत त्याला दिसत होती. त्याने स्वस्तातली मशीन टेम्पोत चढवून दिली.

आणि मशीनने काम उचललं. जो कोपरा घासायला खांदा रडायचा, तो चकतीला नुसता टेकवला की गोल व्हायचा. पडवीभर सागाचा भुसा धुक्यासारखा तरंगायचा. शांती भिजवलेलं फडकं नाकाला बांधून ठोकळे पुसायची, आणि पुसता पुसता गालावर घासून बघायची. खोकी भरू लागली. काशिराम झोपेत कण्हायचा थांबला.

खंडेनवमीच्या सकाळी तो कमानीचे ठोकळे घासत असताना लाईट गेली. चकती मंदावत मंदावत थांबली. त्याने हातातला ठोकळा ठेवला, अंग झटकलं आणि म्हणाला, "चल, तेवढ्यात पूजा उरकू."

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, मग दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही त्यांच्या घराची रीत. काशिरामने पाटावर रंधा, पटाश्या, करवत, बापाचा वाकस मांडला. हत्यार खाली ठेवलं की ते निजलं, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत. भिंतीवरचा खटका खाली, चालूच राहिला होता, तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

तो नारळ आणायला आत गेला. शांतीने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, मशीनच्या चकतीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नवीन हत्यार म्हणून त्याला मोठी माळ. कोळीवाड्यात झेंडू ओवतात तो जाळ्याच्या दोऱ्यात, नायलॉनच्या. माळ चकतीमागच्या दांड्यावर घालून ती गाठ मारत होती, दोऱ्याचं टोक बोटांना गुंडाळून.

लाईट आली.

आवाज आधी झाला. काशिराम दारात आला तेव्हा झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या आणि शांती मशीनवर ओणवी झाली होती. दोरा दांड्यावर गुंडाळत चालला होता, तिचा हात ओढत होता, आणि तो दोरा तुटणारा नव्हता. दहा किलोचा मासा त्याने तोलला असता. खटका मशीनपलीकडे. वळसा घालायला वेळ नव्हता. काशिरामने नारळ टाकला आणि सगळं बळ एकवटून मशीन ज्यावर बसवली होती त्या घोडीला लाथ मारली. मशीन कलंडली, पट्टा निसटला, चकती भिंतीवर आपटून थांबली. त्याने पटाशीने दोरा कापला. पूजेतली पटाशी होती ती.

शांतीच्या हातातल्या बांगड्या वाढल्या होत्या. दोन बोटांवरची कातडी गेली होती, तळव्याची कड सोलली होती. रक्तात कुंकू होतं की कुंकवात रक्त, कळत नव्हतं. ती ओरडली नाही. "बोटं हायत ना?" एवढंच तिने विचारलं, हाताकडे न बघता.

"हायत," काशिराम म्हणाला. मग त्याने मोजून पाहिली.

डॉक्टरांनी टाके घातले. बोटं वाचली. संध्याकाळी भरत आला तो संतापून.

"झाली हौस? दाजी, उद्याच्याला साहेबाला सांगतो. पुरं झालं हे."

"सांग," काशिराम म्हणाला. "मशीन भंगारात घालतो."

"कोन घालतंय भंगारात?" शांती खाटेवरून म्हणाली. "हात माझा गेला होता. तुमी दोघं कशाला रडता? भरत, तुझ्या डेपोत टरकाखाली मानूस येत नाय काय कधी? तेव्हा डेपो भंगारात घातला?"

भरत खाटेच्या पायथ्याशी बसला.

"खटका वर करायला इसरलो मी," काशिराम म्हणाला.

"मंग इसरलं तरी चालेल अशी आणा. होती ना तिथं?"

दसरा झाल्यावर काशिराम मशीन टेम्पोत घालून परत दयारामशेटकडे गेला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेटने मशीन टेम्पोतून उतरवून घेतली. "मी आणखी एकदा बोलायला हवं होतं," तो म्हणाला. स्टार्टरवाली मशीन त्याने बदली दिली, आणि वरच्या पैशांऐवजी काशिरामने दुकानाची लाकडी फळ्यांची मांडणी करून द्यायचं ठरलं. तिच्यात दिवाळीच्या सुट्टीचे बरेच दिवस गेले.

नवी मशीन पडवीत बसली, तेव्हा हिरवं बटण काशिरामच्याने दाबवेना. बोट बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं. चकतीचा आवाज अजून कानात होता. शांती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.

"मी हिथं हाय," ती म्हणाली. "आज मशीनजवळ येत नाय. दाबा."

तरी त्याला वेळ लागला. मग त्याने बटण दाबलं. पहिला ठोकळा त्याने इतक्या लांबून टेकवला की कड वाकडी गेली. तो त्याने बाजूला टाकला. दुसरा सरळ आला.

शाळा उघडली तेव्हा निम्मेच ठोकळे तयार होते. काशिरामने ती खोकी सायकलच्या मागे बांधली आणि खांदा कॉलनी गाठली. अरुंधतीबाईंच्या टेबलावर खोकी ठेवून त्याने खाली बघत सांगितलं, "बाई, निम्मेच झालेत. तुमी प्लॅस्टिकचे मागवले तर मी काय बोलनार नाय."

बाईंनी एक कमान उचलली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग मनगटाच्या आतल्या बाजूने. दुसरी उचलली, तिसरी. काशिराम उभा होता. बाहेर मुलं ओरडत होती.

बाईंनी खोकं उचलून खाली जमिनीवर, मुलांच्या मध्ये उपडं केलं.

"उरलेले कधी देता?" त्यांनी विचारलं.

"तुळशीच्या लग्नानंतर, बाई. रोज थोडे आणत जाईन."

"आणा."

काशिराम घरी आला. शांतीला काही सांगायच्या आधी त्याने भरतच्या डेपोत निरोप पाठवला, की वॉचमनची जागा कुणा गरजवंताला द्या.