अकरा वाजताची पालकसभा

लहान मुलांच्या पालकांसाठी बैठका घ्यायचं काम मी तेव्हा नुकतंच धरलं होतं. रोह्याहून गाडीने कासूला उतरायचं, अंगणवाडीत अकरा वाजता सभा घ्यायची. गावातल्या आया यायच्या. नदीपलीकडच्या वाडीतलं कुणीच येत नसे. अहवालात मी दर वेळी लिहायचे, 'वाडीतल्या पालकांना आवड नाही.'

एकदा संध्याकाळी मी स्वतःच वाडीत गेले. एक तरुण आई दोन वर्षांच्या मुलीला न्हाऊ घालत होती. मी विचारलं, "सभेला का येत नाहीस गो?"

"अकराला मी दुसऱ्याच्या शेतावर असते, बाई," ती म्हणाली. मुलीच्या अंगावर तांब्या ओतत पुढे म्हणाली, "एकदा खाडा करून आले व्हते. तुम्ही पुस्तक हातात दिलंत, पोरीला वाचून दाखव म्हणालात. मला वाचता येत नाय. सगळ्या हसल्या."

मला ती आठवतही नव्हती.

त्यानंतर बैठक वाडीतच, तिच्या अंगणात, कामावरून सगळे परतल्यावर घ्यायला लागले. पुस्तक नाही, त्यांचीच गाणी, त्यांचेच खेळ. पहिल्याच दिवशी अंगण भरलं. कंपनीतून शिफ्ट संपवून आलेले दोन बापही टेकले. सगळी पोरं टाळ्यांकडे वळून बघत होती. तिची मुलगी तेवढी मातीत बोट फिरवत बसली होती. मी तिच्या पाठीमागे जाऊन थाळी वाजवली. तिने मान वळवली नाही.

मी दोघींना पेणला घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" आई खाली बघत राहिली. उत्तर मी द्यायला हवं होतं.

कानाच्या मोठ्या तपासणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. त्याआधीच वाडीतली माणसं मजुरीला वीटभट्टीवर गेली. तिच्या नवऱ्याचा फोन लागेना. ती परतली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. "मुकादमानं सोडलंच नाय," एवढंच ती म्हणाली. पुन्हा कागद केले, पुन्हा रांग लावली.

कानाचं मशीन अजून मिळालेलं नाही. ती मात्र एकही बैठक चुकवत नाही. गाणं सुरू झालं की मुलीचा तळवा स्वतःच्या गळ्यावर दाबून धरते आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गाते. अशा वेळी तिच्याकडे बघणं मला जमत नाही.